मुक्काम पार्कच्या हॉटेलात की बाहेर?

लहान मुलांना घेऊन थीम पार्कला जायचं तर तिकिटांच्या दरात आपल्या हातात फारसं काही नसतं. बजेट खरं हलतं ते मुक्कामावर.

पार्कचं स्वतःचं हॉटेल महाग, यात वादच नाही. पण तीन-चार वर्षांचं मूल जेवण झालं की पेंगायला लागतं, स्ट्रोलरमध्ये मान टाकतं, मध्येच दचकून उठून रडतं. खोली जवळ असली की दोन तास झोप काढून संध्याकाळी ताजंतवानं परत जाता येतं; तिकिटाचे पैसे वसूल. शिवाय फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तिथल्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी आत सोडतात. तेवढ्यात लहानांच्या एक-दोन राइड रांगेविना उरकतात.

बाहेरचं हॉटेल स्वस्त, बऱ्याचदा नाश्त्यासकट, आणि खोलीत फ्रिज असला तर दूध-फळांचा खर्चही आटोक्यात. मात्र भाड्यातली बचत मोजताना रोजचं पार्किंग किंवा टॅक्सी त्यातून वजा करा. हा आकडा लोक हमखास विसरतात!

माझं मत विचाराल तर दुपारची झोप लागणारं मूल आणि एक-दोनच दिवस असतील तर आत राहावं. मुक्काम लांबला किंवा मुलं शाळकरी असली तर बाहेरच बरं. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, तेव्हा तिसरा वाढदिवस जवळ आला असेल तर आधी तारखा बघा, हॉटेल नंतर.