मालक नसलेल्यांची संघटना: नाशिकमधील तीन रविवारांच्या वर्गाविषयी

बेदाण्याचे खोके, मसाल्याची पाकिटे, वाइनच्या बाटल्यांची लेबले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांची माहितीपत्रके यांच्या डिझाइनचे काम मी गेली अकरा वर्षे नाशिकमध्ये स्वतंत्रपणे करते. या काळात सॉफ्टवेअर, छपाई आणि रंगसंगती यांविषयीचे अनेक वर्ग मी पैसे भरून केले. परंतु केलेल्या कामाचे पैसे वेळेवर कसे मिळवावेत, हे शिकवणारा वर्ग या शहरात कोणी घेतल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे एका कामगार संघटनेच्या पाठबळाने छायाचित्रकार, डिझायनर, व्हिडिओ एडिटर, लेखक, अनुवादक आणि निवेदक अशा फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी तीन रविवारांचा वर्ग भरणार असल्याचे कळताच मी नाव नोंदवले. संघटनेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत, त्या मी आयोजकांना लेखी कळवल्या आहेत आणि त्यांचे उत्तर अद्याप यायचे आहे.

शुल्क सदस्यांसाठी ६०० रुपये आणि इतरांसाठी १,२०० रुपये होते. त्यात चहा, छापील टिपणे आणि कराराचा मराठी नमुना यांचा समावेश होता. गंगापूर रोडवरील सभागृहात पस्तीसेक जण जमले होते. त्यांपैकी निम्मे लग्नाचे छायाचित्रण करणारे होते, आणि फ्लेक्सच्या दुकानांसाठी घरून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी तीन-चार तरुण मुलेही होती, ज्यांना ‘कलावंत’ म्हटलेले ऐकून प्रथम संकोच वाटला असावा.

ज्यांना मालकच नाही त्यांची संघटना कशी होणार, ही शंका माझ्याप्रमाणे अनेकांच्या मनात होती. पहिल्या सत्रातील ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तिचे उत्तर व्याख्यान न देता एका जुन्या प्रसंगातून दिले. अहमदाबादेत इला भट्ट यांनी स्वयंरोजगारी स्त्रियांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला घेतली, तेव्हा या बायकांना मालक नाही, मग संघटना भांडणार कोणाशी, असा आक्षेप निबंधकांच्या कार्यालयाने घेतला होता. संघटना कोणाच्या विरुद्ध असण्यापेक्षा कामगारांच्या एकीसाठी असते, हा युक्तिवाद अखेर मान्य झाला आणि १९७२ साली नोंदणी झाली. डोक्यावर भार वाहणाऱ्या आणि भाजी विकणाऱ्या स्त्रियांनी पन्नास वर्षांपूर्वी जे केले, ते लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यांना अवघड का वाटावे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तराची वाट न पाहता चहाची सुट्टी जाहीर केली.

संपूर्ण वर्गाचे मोल वसूल झाले ते कॉपीराइटवरील सत्रात. सत्र घेणाऱ्या वकील बाईंनी एक साधे माहितीपत्रक फळ्यावर लावले आणि त्यातील मजकूर, छायाचित्रे व मांडणी यांचा हक्क कोणाकडे आहे, असे विचारले. प्रत्येकाने आपापल्या कामाचा हक्क आपल्याकडेच आहे असे सांगितले, आणि त्यांतील बरेच जण चुकले. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. पेंटिंग, पोर्ट्रेट आणि चित्रपट यांनाही हाच नियम लागू आहे. मजकुराचे तसे नाही. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेला मजकूर, त्याने लेखी दिल्याखेरीज, त्याचाच राहतो. म्हणजे एकाच माहितीपत्रकात, एकाच पार्टीकडून (म्हणजे काम देणाऱ्याकडून), एकाच दिवशी पैसे घेतलेले लेखक आणि छायाचित्रकार कायद्याच्या दृष्टीने दोन टोकांना उभे असतात. माझ्या शेजारी बसलेले, वीस वर्षे द्राक्षबागांची छायाचित्रे काढणारे गृहस्थ हे ऐकून बराच वेळ वहीकडे पाहत राहिले.

त्याच सत्रात एकोणिसावे कलम समजावले गेले आणि ते माझ्या अधिक उपयोगाचे ठरले. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती काळासाठी ते लिहिले नसेल तर मुदत पाच वर्षांची धरली जाते आणि कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिले नसेल तर भारतापुरती. ‘ओपन फाइल (म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल) पाठवून द्या’ असा फोनवरचा निरोप आला की आपण फाइल पाठवतो, आणि पुढच्या वर्षी तेच लेबल दुसऱ्याच्या हातून रंग बदलून बाजारात येते. फाइल देणे आणि हक्क देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची किंमतही कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहावी, असे त्या म्हणाल्या. मी त्या आठवड्यापासून तसे लिहू लागले. दोन पार्ट्यांनी काही न बोलता मान्य केले आणि तिसरीने ‘हे काय नवीन काढलंत ताई?’ असे विचारून घासाघीस केली. पण ओपन फाइल फुकट असते हा समज तरी त्या संभाषणात मोडला.

उधारीचे सत्र दुसऱ्या रविवारी झाले. लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क असते आणि सेवा देणारा एकटा माणूसही ती करू शकतो, हे मला ठाऊक होते; तिचा उपयोग मात्र ठाऊक नव्हता. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदत ठरली असल्यास त्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि तसे काही ठरले नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते आणि थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. त्याहून परिणामकारक तरतूद २०२४ साली आयकरात अमलात आली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत पार्टीला खर्च म्हणून वजा करता येत नाही. व्याजाच्या धमकीने न हलणारा हिशेबनीस या वाक्याने हलतो, असा वक्त्यांचा अनुभव होता. नोंदणी काम घेण्यापूर्वीची असावी, नाहीतर नंतर वाद निघतो, हे त्यांनी दोनदा बजावले. जीएसटी नोंदणीसाठीची वार्षिक उलाढालीची २० लाखांची मर्यादा आणि कापलेला टीडीएस पार्टीने खरोखर भरला की नाही हे आयकर खात्याच्या २६एएस या कर-तपशिलात कसे पाहावे, यांवर अर्धा तास गेला. तो भाग कोणाही कर-सल्लागाराकडे मिळेल.

ओळखी वाढवण्यासाठी ठेवलेल्या कार्यक्रमाविषयी माझे मत दुभंगलेले आहे. पहिल्या रविवारी या नावाखाली केवळ व्हिजिटिंग कार्डांची देवाणघेवाण झाली आणि सगळे आपापल्या ओळखीच्यांत उभे राहिले, कारण एकाच गावात एकाच पार्टीकडे कोटेशन देणाऱ्या माणसांनी एकमेकांना दर सांगणे हे आपल्याकडे जवळजवळ निषिद्ध आहे. दुसऱ्या रविवारी आयोजकांनी एक उत्तम युक्ती केली. प्रत्येकाला चिठ्ठी देऊन, नाव न लिहिता, लोगोसाठी, एका दिवसाच्या छायाचित्रणासाठी आणि एका पानाच्या अनुवादासाठी आपण शेवटचे किती पैसे घेतले ते लिहायला सांगितले, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जमा झालेल्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. लोगोचा सर्वांत कमी दर १,५०० रुपये निघाला आणि सर्वांत जास्त ३५,०००. सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग २०२७च्या सिंहस्थाचा विषय निघाला. फलक, माहितीपट आणि पुस्तिका यांची कामे मुंबई-पुण्याच्या एजन्सींमार्फत तिसऱ्या हाताने नाशिकच्या माणसापर्यंत येताना दर किती उरतो, याची प्रामाणिक चर्चा मी तेथे प्रथमच ऐकली. समान दर ठरवण्याचा आग्रह कोणी धरला नाही, पण ॲडव्हान्सशिवाय काम सुरू करायचे नाही आणि दोनपेक्षा जास्त करेक्शनचे वेगळे पैसे घ्यायचे, यावर बहुतेकांचे एकमत झाले.

तिसरा रविवार निराशाजनक होता. ‘स्वतःचा ब्रँड घडवा’ या सत्रासाठी मुंबईहून आलेल्या वक्त्यांनी दोन तास मोठ्या जाहिरात कंपन्यांची उदाहरणे दिली. येथील पार्टी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या तीन नमुन्यांवरून आणि कोणाच्या तरी ओळखीवरून काम देते, याची त्यांना कल्पना नसावी. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला जाणाऱ्या आणि तेथे काम मिळवून दाखवलेल्या दोन एडिटर मुली श्रोत्यांतच बसल्या होत्या. त्यांना बोलायला सांगितले असते तर अधिक शिकायला मिळाले असते. दुसरी तक्रार अशी की काम देणाऱ्यांपैकी एकही जण तिन्ही दिवसांत आला नाही. छापखानदार, बागायतदार, कारखान्याचे खरेदी अधिकारी यांना एका संध्याकाळी बोलावले असते, तर ओळखी वाढवण्याच्या कार्यक्रमाला अर्थ आला असता. वर्गानंतरचा व्हॉट्सॲप गट पंधरा दिवसांत सुप्रभातांच्या फुलांनी भरून गेला. शिवाय हा वर्ग ऐन लग्नसराईत ठेवला होता, त्यामुळे तिसऱ्या रविवारी छायाचित्रकारांच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

सदस्यांसाठी संघटनेचा मदत कक्ष आहे आणि त्याचा अनुभव घेण्यासाठीच मी वर्गानंतर सदस्यत्व घेतले. एका व्यापाऱ्याकडे सात महिन्यांपासून ४८,००० रुपये अडकले होते. कक्षातील कार्यकर्त्यांनी माझी बिले, ई-मेल आणि मंजुरीचे संदेश तारखेनुसार लावून घेतले, कलमांचा उल्लेख असलेले पण सौम्य भाषेतले पत्र तयार करून दिले आणि ते स्पीड पोस्टाने माझ्याच नावाने पाठवायला लावले. संघटनेचे लेटरहेड पहिल्याच पत्राला वापरले तर बोलणी तुटतात, असे त्यांचे म्हणणे. तीन आठवड्यांनी २४,००० रुपये खात्यात आले. उरलेल्यांसाठी दुसरे पत्र गेले आहे. दोन्ही वेळा कक्षात पाऊण तास थांबावे लागले, कारण तेथे आठवड्यातून एकच संध्याकाळ काम चालते आणि माझ्या आधी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांची रांग होती. त्या रांगेविषयी मला तक्रार करवत नाही.

पुढील वर्ग पावसाळ्यात घेण्याचा विचार असल्याचे आयोजक सांगतात. ज्यांनी काम नुकतेच सुरू केले आहे त्यांना हा वर्ग थोडा कोरडा वाटेल. ज्यांची दोन-चार बिले बुडाली आहेत त्यांनी मात्र जरूर जावे, आणि गरज पडल्यास तिसरा रविवार सोडून द्यावा. जाताना आपली शेवटची तीन कोटेशने आणि थकलेले एखादे बिल यांच्या प्रती सोबत न्याव्यात, कारण दुसऱ्या रविवारी दुरुस्तीचे काम थेट त्या कागदांवरच करून घेतात. माझ्याकडे त्या दिवशी फक्त मोबाइलमधले फोटो होते, आणि ते वाचण्यात माझ्या वाट्याचा निम्मा वेळ गेला.