बाबांची जुनी ५४० जीप घरीच उभी केली, दहा महिने वापरल्यावरचा अनुभव

मागच्या जूनमध्ये ऐन पेरणीच्या तोंडावर गाडी चालू झाली आणि आता एप्रिल लागला, म्हणजे एक अख्खा पावसाळा, कापसाची वेचणी, डिसेंबरची थंडी आणि आता हे ४३ डिग्रीचं ऊन, सगळं तिनं काढलं. म्हणून आता लिहितोय. चालू झाल्या झाल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

गाडी महिंद्रा एमएम ५४०, १९८८ ची, डिझेल, फोर बाय फोर. बाबांनी १९९६ ला सरकारी लिलावात घेतली होती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, जमीन सगळी काळी, शेत गावापासून साडेतीन किलोमीटर आणि त्यातली दोन किलोमीटर पांदण. जुलै-ऑगस्टमधली पांदण ज्यांनी पाहिली त्यांना जास्त सांगायला नको, पाऊस पडला की माती फुगते, चाकाला गोळा होऊन चिकटते आणि बैलबंडीचं चाक आखापर्यंत आत जातं. बाबा या गाडीनं खत-बियाणं न्यायचे, एकदा तर शेजारच्या काकूंना बाळंतपणासाठी रातोरात हायवेपर्यंत आणलं होतं. २०११ ला ब्रेक गेले, मग घरी मोटरसायकल आली, आणि गाडी गोठ्याशेजारच्या टिनाखाली गेली ती तिथंच राहिली. वरून कुटार, बाजूला सरकीची पोती, आणि सरकी आली म्हणजे उंदीर आलेच, त्यांनी डॅशबोर्डमागची वायरिंग एक इंचसुद्धा धड ठेवली नव्हती.

सुरुवातीला माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मोबाईलवर ते मंडी डबवालीचे (हरियाणातल्या गावातले, जुन्या जीप नटवून देणारे) जीपवाले बघून बघून वाटायचं की रुंद टायर टाकू, गाडी उंच करू, पुढं मोठा लोखंडी बंपर, चकाचक कलर. तालुक्याच्या मिस्त्री काकांना घेऊन आलो, त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, तिले कलर नको देऊ आंधी, तिचे ब्रेक पाह्य. चालते त्या गाडीले कलर देता येते, थांबत नाही त्या गाडीले काय करशीन?" त्या दिवशी माझा सगळा प्लॅन बदलला आणि आज दहा महिन्यांनी मला वाटतं की या कामातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता. गाडी नवी करायची नाही, आहे ती जपायची आणि कामाला लावायची.

आणखी एक, पत्र्याला हात लावायच्या आधी कागद बघा. आमचं आरसी होतं पण रिन्युअल राहिलं होतं. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर फिटनेस दाखवून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं, ते आधी मार्गी लावलं. लोक सर्रास "विंटेज" म्हणतात पण २०२१ च्या नियमानुसार विंटेज म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली गाडी, आणि त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे माझ्यासारख्या शेतात गाडी नेणाऱ्याला साधं रजिस्ट्रेशनच बरं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करताच येत नाही, त्यामुळे ती बंपर-टायरची हौस तशीही अडचणीचीच होती. आणि हे लक्षात ठेवा, चेसिस नंबर चेसिसवर ठोकलेला असतो, गंज घासताना ग्राइंडर त्याच्यावरून गेला तर पुढं पासिंगला फार त्रास. माझा हात तिथंच चालला होता, बाबा ओरडले म्हणून वाचलो.

आता इंजिन. हे प्यूजोचं २११२ सीसीचं, ९० चा बोअर आणि ८३ चा स्ट्रोक, जुन्या पद्धतीचं इनडायरेक्ट इंजेक्शनवालं, म्हणजे थंडीत हीटर दिल्याशिवाय उठत नाही. तेरा वर्षं उभं म्हटल्यावर जाम असणारच होतं. चारही नोझल काढले, भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून थोडं थोडं सोडलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं, रोज सकाळी फक्त बघायचं की हलतं का. सहाव्या दिवशी पान्यानं बोटभर फिरलं, खरं सांगतो, बाबा गोठ्यातून धावत आले. पण घाई करू नका, नोझल परत बसवायच्या आधी इंजिन हातानं फिरवून आतलं सगळं तेल बाहेर काढा, कारण हवा दबते, तेल दबत नाही, आणि तसंच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलची टाकी उतरवली तर खाली दोन बोटं काळा गाळ, ती धुतली, पाइप बदलले, फिल्टर बदलला, नोझल टेस्टिंगला यवतमाळला दिले, मग हातपंप मारून एअर काढली आणि गाडी चालू झाली. धूर किती होता ते विचारू नका, अर्ध्या तासानं कमी झाला.

पाण्याबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडं हीच चूक सगळे करतात. या इंजिनला वेट लायनर आहे, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो त्या लायनरच्या बाहेरून सरळ पाणी फिरतं. आपण रेडिएटरमध्ये काय टाकतो, बोअरचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या भांड्यालासुद्धा पांढरा थर बसतो, तोच थर ब्लॉकच्या आत बसतो, मग गाडी गरम होते आणि लोक म्हणतात जुनं इंजिन आहे, तापणारच. हेड खोलल्यावर आतून चुन्यासारखे खवले निघाले. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या साफ करून, आणला, ब्लॉक धुतला, आता फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. आजच्या उन्हात शेतातून भरून आणली तरी टेंपरेचरचा काटा मधेच उभा असतो. एवढ्या सगळ्या कामात पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला.

ब्रेक चारही ड्रम. व्हील सिलेंडर आतून गंजलेले, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं त्यामुळे उभ्या गाडीचे ब्रेक आतून सडतात हे मला आत्ता कळलं. सगळे सिलेंडर, मास्टर किट, पाइप नवे. इथं एक फटका बसला, एका दुकानातून ओरिजिनल म्हणून घेतलेलं रबर किट दोन महिन्यांत फुगलं आणि सप्टेंबरमध्ये उतारावर पेडल खाली गेलं. हँडब्रेक आणि गिअरवर थांबवली, बांधाला टेकली, कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून ब्रेकचा माल मी स्वस्तात घेत नाही, बिल घेतो आणि दर पंधरा दिवसांनी ऑइलची पातळी बघतो. वायरिंग पूर्ण नवी केली, अर्थिंगच्या जागी कलर खरवडून बोल्ट टाईट केले, निम्मा लाईटचा प्रॉब्लेम तिथंच सुटला.

पत्र्याचं काम वेल्डिंग सोडून मी स्वतः केलं. फ्लोअर दोन ठिकाणी सडला होता तेवढाच कापून तुकडा लावला, साध्या आर्क वेल्डिंगनं पातळ पत्रा जळतो म्हणून मिग वेल्डिंगवाल्याला घरी बोलावलं. बाकी वायर ब्रश, गंजावर कन्व्हर्टर, रेड ऑक्साइड आणि वर साधा ऑलिव्ह कलर. लांबी (पुट्टी) कुठंही थापली नाही, चेपलेलं तसंच राहू दिलं. दरवाजा घासताना तीन कलरच्या खाली पांढऱ्या अक्षरांतला जुना सरकारी नंबर निघाला, अर्धवट पुसलेला. बाहेर ठेवला तर उगाच कुणाचा गैरसमज व्हायचा, म्हणून तो पुन्हा कलरखाली गेला, पण आधी फोटो काढला, तो फोटो बाबांनी डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय.

वापरात काय कळलं? टायर मूळच्या मापाचेच घेतले, ६.०० बाय १६, बारीक, खोल गोट्यांचे. सगळे म्हणाले रुंद घे. पण आमच्या पांदणीत बारीक टायर चिखल कापत खाली जातो, खाली कुठंतरी घट्ट लागतं आणि गाडी निघते. माझ्या चुलत भावाची रुंद टायरवाली गाडी त्याच जागी वर तरंगत राहिली आणि ट्रॅक्टर आणावा लागला. चिखल लागायच्या आधीच फोर व्हील टाकायचं, फसल्यावर नाही. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून ताकद वाढवणाऱ्या जादा गिअरमध्ये, दुसऱ्या गिअरवर अ‍ॅक्सिलेटर न हलवता जाऊ द्यायची, ती तिच्या चालीनं जाते. आणि डांबरीवर आलो की लगेच टू व्हील. या गाडीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नाही, त्यामुळे वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी, आणि तो सगळा ताण गिअरवर येतो. ओल्या मातीत चाक घसरून ताण सुटतो, डांबरावर सुटत नाही. नाल्यातून आल्यावर ब्रेक हलके दाबत शंभरेक मीटर चालवा म्हणजे ड्रम सुकतात, आणि दोन्ही अ‍ॅक्सलचं ऑइल बघा, दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलं समजा. माझ्या मागच्या अ‍ॅक्सलचा ब्रीदर (हवा जायची बारीक वाट) मातीनं बंद होता, त्यानं एकदा शिरलं.

त्रासही सांगतो. हैदराबाद हायवेवर ५५ च्या वर मजा नाही, स्टेअरिंगला प्ले आहे, मागून ट्रक आला की डावीकडं घेऊन जाऊ द्यायचं. आवाज एवढा की शेजारच्याशी बोलता येत नाही. पाटे कडक, रिकामी गाडी उडते, पाच-सहा तुरीचे कट्टे टाकले की छान बसते. आईला चढायला उंच पडते, तिच्यासाठी पायरी लावायची आहे. अ‍ॅव्हरेज मला ११ च्या आसपास मिळतो. खर्च टायर धरून एक लाख साठ हजाराच्या पुढं गेला, त्यात माझे सुट्टीचे दिवस धरलेले नाहीत. एवढ्या पैशात सेकंडहँड पिकअप आली असती हे मला घरातल्या तीन जणांनी सांगितलं आणि नुसतं माल न्यायचं बघितलं तर ते बरोबर आहे. पण ऑगस्टमध्ये ती पिकअप पांदणीच्या तोंडाशी उभी राहिली असती. यंदा वेचणीला बाया पायी गेल्या नाहीत, कापसाचे गाठोडे घेऊन सोबत परत आल्या.

आता पुढच्या अ‍ॅक्सलच्या गोल नकलमधून, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यातून, ऑइल झिरपतंय, फेल्ट सील झिजलेत. नवे आणून ठेवले आहेत, मृगाच्या आधी खोलायचं. बाबांनी पान्यांचा डबा कालच बाहेर काढून ठेवलाय.