मालवणची बेटं: पॅकेजचा कागद नंतर, आधी तिथी बघा

मालवणात बाजारातून बंदर जेटीपर्यंत चालत जाईस्तोवर हातात तीन-चार रंगीत कागद जमा होतात. किल्ला, स्कूबा, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन, संगम, पॅरासेलिंग. सगळं एका दिवसात, फोटो-व्हिडिओ मोफत. एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली तर यातल्या दोन उत्तम आहेत, बाकीच्या ठीकठाक, आणि एक बेलाशक वगळावी अशी. पण सगळं एका दिवसात कोंबलं की उत्तम असलेलंही वाया जातं, कारण प्रत्येकीला समुद्राची वेगळी वेळ लागते.

ती वेळ काढायचा हिशेब कोकणात जुना आहे. पंधरवड्यातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटीचा तळ. भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून मालवणात ती मुंबईच्या आधी येते. आलेल्या वेळेतून पाऊण तास वजा केला की अंदाज फारसा चुकत नाही. पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता आहेच. पुनव-अवसेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी असते. स्कूबाला भांग हवा आणि सिंधुदुर्गामागच्या लहानग्या पद्मगड किल्ल्यावर चालत जायला उधाणाची सुकती. एकाच शनिवार-रविवारी दोन्ही साधत नाहीत, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी स्कूबा, कारण बहुतेक लोक त्यासाठीच येतात आणि नाराजीही सर्वात जास्त त्याच्याच वाट्याला येते.

जे विकलं जातं ते असं: होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ भागात नांगरतात. खोली १५ ते २५ फूट. पाठीवर सिलेंडर, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, तोंडात सिलेंडरची हवा देणारा रेग्युलेटर, आणि मागून सिलेंडरचा व्हॉल्व्ह धरलेला प्रशिक्षक. खाली दहा ते पंधरा मिनिटं. पोहता यायची गरज नाही, कारण वर-खाली नेण्याचं काम तोच करतो. म्हणजे हे डायव्हिंग शिकणं नव्हे, समुद्रातली पहिली तोंडओळख. त्या मापाने पाहिलं तर सेवा चांगली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भांगाच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या होडीने गेलात तर प्रवाळावर फिरणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे स्पष्ट दिसतात. उधाणाच्या दिवशी दुपारी तीच जागा ताकासारखी गढूळ असते. पैसे तेवढेच.

पहिल्या होडीचा आग्रह एवढ्यासाठी की सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो आणि किल्ल्याच्या अलीकडचं पाणी सपाट राहतं. अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, लाटा उठतात, तळाची वाळू ढवळली जाते. दुसरं कारण पोटाचं. उलट्या पाण्याखाली क्वचित होतात. होतात त्या नांगरलेल्या होडीत पाळीची वाट बघताना. होडीत बारा माणसं आणि दोनच प्रशिक्षक असतील तर शेवटच्या जोडीला तासाहून जास्त डुलत बसावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: होडीत किती जण, आणि पाण्यात उतरणारे प्रशिक्षक किती? चाराला एक असेल तर घ्या. उत्तर टाळलं तर पुढचं दुकान बघा. नाश्ता हलका, दीड-दोन तास आधी. माशाचं ताट वर आल्यावर.

पाण्यात काय बिघडतं तेही ठरलेलंच आहे. मास्क गळतो, कारण पट्टा सैल असतो असं लोक समजतात आणि आवळत सुटतात. खरं कारण बहुधा मास्कच्या कडेखाली अडकलेले केस किंवा मिशी. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर वरच्या ओठावर व्हॅसलिनचं बोट फिरवा. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून खळखळून धुवायची. किळस वाटली तरी हाच उपाय सगळीकडे चालतो.

कान दुखतो तो दुसऱ्या-तिसऱ्या फुटापासूनच. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकर मारायची, आणि दुखायला लागण्याआधीच, दर दोन-तीन फुटांना. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. सर्दी असेल तर उतरूच नका, गोळी घेऊनही नाही. अंगठा वर केला की प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जाणार. ‘मस्त’ म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. अर्ध्या लोकांची फेरी या एका गोंधळात लवकर संपते. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. पाच मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दीडपट असतो. तिथे भरून घेतलेली हवा रोखून वर आलात तर फुप्फुसात ती दीडपट फुगायला बघते. ‘उथळच तर आहे’ म्हणून हा नियम सैल होत नाही.

दमा, हृदयविकार, अपस्मार, गरोदरपण किंवा कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल लेखी फॉर्म भरून घेणारा चालक निवडा. फॉर्मच नसेल तर ती घाईची खूण समजा.

एक गोष्ट सेवेच्या विरोधात लिहावीच लागेल. काही होड्यांवर मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटं टाकतात. व्हिडिओ भरलेला दिसतो, पण पावावर सवयीने झुंबडणारे मासे शेवाळ खायचं काम सोडतात आणि प्रवाळावर शेवाळ चढतं. नांगराचं तसंच: तो प्रवाळावर पडला की वर्षानुवर्षांची वाढ एका ओढीत तुटते. हा सगळा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. पाव टाकू नका असं गिऱ्हाईकाने सांगितलं तर तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, ऐकतो. त्याला वाटत असतं तुम्हालाच ते हवंय.

ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्य पर्यटन महामंडळाच्या) ‘ईस्डा’ या प्रशिक्षण संस्थेकडे जावं. तिथे आधी तलावात सराव, मग समुद्र. ओपन वॉटर अभ्यासक्रमाला तीन-चार दिवस, समुद्रातल्या चार बुड्या, आणि नंतर १८ मीटरपर्यंत जायची पात्रता. इथे मात्र पोहता यायला हवं.

आता किल्ला. जेटीवरून होडी दहा-पंधरा मिनिटांत कुरटे बेटावर पोचते. तांडेल सरळ न जाता वळणं का घेतो ते पाण्याकडे बघितलं की समजतं. दोन्ही बाजूंना खडकांच्या टोकांवर फेस फुटत असतो. जागा निवडताना हेच खडक मोलाचे ठरले असणार. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत उभं राहिलं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली पायात शिसं ओतून चिरे बसवले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत हा आहे.

सेवेतली खरी उणीव वेळेची. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात, आणि तटाची लांबीच तीन किलोमीटरच्या घरात आहे. त्या तासात काय होतं? दरवाजा, घुमटीतला हाताचा आणि पायाचा ठसा, शिवराजेश्वर, फोटो, लिंबू सरबत, परत. चढतानाच सांगा की पुढच्या होडीने येऊ. तिकीट तेच चालेल का हे आधी विचारून घ्या. किमान अडीच तास द्या. राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर नीट थांबून पाहण्यासारखं आहे. शिवाजी महाराजांची मूर्ती वीरासनात बसलेली, दाढी नसलेली, डोक्यावर कोळ्याच्या धाटणीची टोपी; नेहमीच्या चित्रांशी तिचा मेळ बसत नाही आणि तीच तिची गंमत. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी समुद्राच्या मधोमध आहेत. पश्चिमेच्या तटात जागोजाग शौचकूप बांधलेले आहेत, शेकडो माणसांच्या वस्तीचा विचार करून. त्याच बाजूला छोट्या दरवाजातून ‘राणीची वेळा’ या चिमुकल्या पुळणीवर उतरता येतं. तासाभरात परतणारे तिथे पोचतच नाहीत. पश्चिमेला काही ठिकाणी तट ढासळला आहे, सुटे चिरे पायाखाली हलतात. कडेवरून चालायचा मोह नको. सावली कमी, म्हणून टोपी आणि माणशी लिटरभर पाणी.

पद्मगड हा सिंधुदुर्गाच्या मागे उभा असलेला लहानगा भाऊ. जहाजं बांधायची आणि डागडुजीची जागा. आज पडका तट, वेताळाचं मंदिर आणि भरपूर शांतता. दांडीच्या किनाऱ्यावरून उधाणाच्या सुकतीला वाळूच्या दांड्यावरून चालत जाता येतं, कुठे घोट्याएवढं तर कुठे गुडघ्याएवढं पाणी. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सोयीचे, कारण सुकती सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान उजेडात येते. पूर्ण सुकतीच्या अर्धा तास आधी निघा आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासाच्या आत परत या. पाणी समोरून चढत आलेलं दिसत नाही; ते दोन्ही बाजूंनी येतं आणि आधी मधला सखल भाग बुडवतं. खडकांवर कालवं असतात, तळव्याला ब्लेडसारखी कापतात. अनवाणी किंवा स्लीपर नको, पट्ट्याचे सँडल हवेत. निघण्यापूर्वी दांडीवर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांना एकदा विचारा. ते नको म्हणाले तर तक्ता काहीही सांगो, जाऊ नका. या सगळ्या यादीत हीच जागा फुकट आहे आणि पॅकेजात नाही.

वगळायचं ते त्सुनामी आयलंड. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा, भरतीला जवळजवळ पाण्याखाली, त्यावर जेट स्की, बंपर राइड आणि बनाना बोट. लहान मुलं रमतात, ठीक आहे; पण मोठ्या भरतीला गेलात तर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ‘बेट कुठाय’ विचारावं लागतं. संगमाची फेरी त्यापेक्षा बरी, होडीतूनच. तिथे पोहायला उतरू नका. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं पाणी एकदम बाहेर धावतं, पट्टीचा पोहणाराही त्याला पुरत नाही.

डॉल्फिन सकाळी लवकर, निवती-भोगव्याच्या बाजूला. होडीवाल्याने इंजिन मंद करून थांबायला हवं. पाठलाग सुरू केला की ते बुडी मारतात ते लांब जाऊन निघतात.

निवती रॉक म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक, किनाऱ्यापासून साधारण १५ किलोमीटर आत, दीपगृह असलेले. इथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात आणि त्या घरट्यांची चोरी पूर्वी खूप झाली आहे. ही जागा होडीतूनच पाहायची. धक्का नाही, लाट खडकावर आपटत असते. डिसेंबर-जानेवारीची शांत सकाळ मिळाली तर पाण्याचा निळा रंग मालवण बंदरातल्यापेक्षा अगदीच वेगळा दिसतो. मोठी होडी, दोन इंजिनं किंवा सोबतीला दुसरी होडी, आणि अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट. बाकाखाली ठेवलेलं धरत नाहीत.

मेच्या शेवटापासून ३१ ऑगस्टपर्यंत हे सगळं बंद असतं. बंद होण्याआधीचा आठवडाच सर्वात गर्दीचा आणि सर्वात बेभरवशाचा. २४ मे २०२२ ला स्कूबाहून परतणारी होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले. मेमध्ये यायचंच असेल तर पहिल्या पंधरवड्यात या.

रेल्वेने कुडाळ, तिथून तीसेक किलोमीटर. परतीची घाई मात्र स्कूबाच्या दिवशी नको. एका बुडीनंतर विमानाला किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबायचं असतं. घाटालाही हेच लागू आहे, हे फारसं कोणी सांगत नाही: आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. चार दिवसांचा अभ्यासक्रम संपवून त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावू नका, ती रात्र मालवणातच काढा.