ट्रॉलीचं हब: गनने ग्रीस मारायचं की खोलून भरायचं?

इंदुरात सोयाबीनचा सीझन जवळ आला की हा विषय निघतोच, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या हबला (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) निपल, म्हणजे ग्रीस आत ढकलायचं छोटं तोंड, बसवून ग्रीस-गनने ग्रीस मारत राहायचं की वर्षातून एकदा हब खोलून बेअरिंग हाताने भरायचं. मी दोन्ही केलंय, तर माझ्यापुरतं सांगतो.

निपलची सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. चाक उतरवायचं नाही, मिस्त्रीची वाट बघायची नाही, दोन-चार पंप मारले की निघाले मंडीला.

पण मला जे खटकलं ते म्हणजे ग्रीस जातं कुठे तेच दिसत नाही. बऱ्याच हबना निपल मधोमध असतं, म्हणजे आधी दोन बेअरिंगमधली पोकळी भरणार, रोलरपर्यंत नवं ग्रीस पोचलं का ते कळत नाही, आणि पंप जरा जास्त झाले की मागच्या सीलची (ग्रीस आत नि पाणी बाहेर ठेवणारी रबरी रिंग) लिप, म्हणजे कड, उलटते नि ग्रीस तिकडून बाहेर. आमच्या टायरला आतून काळे ओघळ यायचे, पुसले की परत, त्यावर आपली माळव्याची काळी माती चिकटायची, सील आणखी घासायचं आणि पावसात पाणी सरळ आत.

खोललं की सगळं समोर येतं. ग्रीस दुधाळ म्हणजे पाणी शिरलंय, रोलर निळसर म्हणजे तापलेत, कपाला (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला) खड्डे पडलेत तर कप आणि कोन (रोलरवालं आतलं कडं) दोन्ही बदला. बेअरिंग डिझेलने धुवून पूर्ण सुकवायचं, मग तळहातावर ग्रीस घेऊन त्यात बेअरिंगची रुंद बाजू दाबत राहायची, पलीकडून रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. ग्रीस लिथियमचं, 2 नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर). साधं कॅल्शियमचं 100 डिग्रीच्या आसपासच पातळ होतं, आणि दोन जातींचं मिसळू नका. सील आणि कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घालतात ती) नवीनच. एक्सलच्या टोकाचा नट चाक फिरवत कसायचा, मग सोडायचा, मग नुसता बोटाने टेकवायचा, पिनचं भोक जुळलं नाही तर सैल बाजूलाच न्यायचा.

ट्रॉली शेतातल्या शेतातच फिरत असेल तर निपल पुरे असेल कदाचित. निपलचा एक्सलच्या टोकातून भोक असलेला प्रकारही बरा, त्यात ग्रीस आधी आतल्या बेअरिंगला जातं नि पुढून बाहेर येतं, फक्त चाक फिरवत हळू पंप मारा. पण भरलेली ट्रॉली बायपासवरून न्यायची असेल तर मी तरी आधी खोलीनच. आणि वाटेत थांबाल तेव्हा हबजवळ हात नेऊन बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर जॅक लावून टायर वर-खाली धरून हलवा, खडखड आली तर तशीच पुढे नेऊ नका.