बी.डी.साठी पैसे: धर्मप्रांताचे की देणगीदाराचे?

पदवीनंतर पाळकीय सेवेसाठी बी.डी.ला, म्हणजे ईशशास्त्राच्या ‘बॅचलर ऑफ डिव्हिनिटी’ पदवीला, जायचं ठरलं, की दोनच मार्ग समोर येतात: धर्मप्रांताने, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या चर्चच्या विभागाने, पाठवणं किंवा सेमिनरीमार्फत (जिथे बी.डी. शिकवतात ते ईशशास्त्र महाविद्यालय) देणगीदाराची शिष्यवृत्ती. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीवर विसंबू नका. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींतून वगळले गेले. पुढे शीख आणि बौद्ध आत आले, आपण अजून बाहेरच आहोत.

मी आधी देणगीदाराची घेतली, मग धर्मप्रांताची. नुसत्या पैशाचं बघायचं तर देणगीदार सरस. फी वेळेवर भरलेली, पुस्तकांनाही थोडे पैसे, पुढे अमुकच ठिकाणी सेवा करा अशी अट नाही. धर्मप्रांताकडे सेवेचा करार लिहून द्यावा लागला, आणि हप्ता लांबला की परीक्षेचा फॉर्म अडायचा.

तरी माझं मन उडालं ते पत्रांमुळे. दर सत्राला देणगीदाराला पत्र, सोबत घरच्यांचा फोटो. हिब्रू शिकताना काय गवसलं ते मी मनापासून लिहिलं, तर पत्र परत आलं: घरच्या अडचणी जरा जास्त येऊ द्या. फोटोसाठी आई सणाचं लुगडं नेसून बसली होती. तो फोटोही चालला नाही, साधे कपडे हवे होते. हे तिला सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

सगळे देणगीदार असे नसतील. पण गावच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, कापणीच्या सणातल्या लिलावाचे पैसे माझ्या फीला दिले, तेव्हा कुणी फोटो मागितला नाही. ज्यांनी कोंबड्या आणि ज्वारी आणली होती, त्यांना आमचं घर ठाऊक होतं. सुट्टीत गेलो की म्हणायचे, ‘रविवारी उपदेश तू कर.’

कोणत्याही धर्मप्रांतात नसलेल्या स्वतंत्र मंडळीतल्यांना किंवा धर्मप्रांत दाद देत नाही त्यांना देणगीदाराचाच आधार, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त पैसे परदेशातून येणार असतील तर सेमिनरीची स्वतःची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी, आहे का ते विचारा. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. बिशपसाहेबांचा होकार मिळण्यासारखा असेल, तर मात्र माझ्या मते आधी तिकडेच अर्ज करावा. पाळक होण्याच्या दीक्षेची वाटही तिथूनच जाते. हप्ता कोणत्या महिन्यात येणार, ते तेवढं करारात लिहून घ्या.