जाड बाह्यांवर बसणारा आर्मगार्ड: थंडीतील धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर एक पातळ सदरा पुरतो, पण डिसेंबरात पारा शून्याखाली दहा-पंधरा अंशांवर जातो. तेव्हा आत लोकरीचा घट्ट थर, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखे उबदार कापड) आणि त्यावर डाऊनचे, म्हणजे मऊ पिसे भरलेले, जॅकेट असा जामानिमा केल्याखेरीज झाडावरच्या मचाणावर तासभरही बसवत नाही. या दोन्ही टोकांना एकच आर्मगार्ड, म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताच्या कोपराखाली बांधायची पट्टी, चालावा, अशी अपेक्षा ठेवून मी तीन वेगवेगळ्या रचनांचे आर्मगार्ड पूर्ण हंगामभर वापरले. त्यांपैकी एक रचना मी निःसंकोचपणे सुचवू शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार करता येत नाही, म्हणून हे परीक्षण अमेरिकेत आणि कॅनडात रीतसर परवाना काढून शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहिले आहे.

आर्मगार्ड हा हाताला दोरीचा फटका बसू नये म्हणून असतो, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. उघड्या हाताच्या बाबतीत ते खरेही आहे. तीन थर घातले असतील तर त्वचा सुरक्षितच असते, मात्र तेव्हा दोरीच्या वाटेत फुगलेली बाही येते. बाण सोडताना दोरी बाहीला नुसती चाटून गेली तरी तिचा वेग कमी होतो, बाण एका अंगाला सरकतो आणि कापडावर झालेला आवाज हरणाच्या कानी पडतो. सरावाच्या लक्ष्यावर असा बाण चार बोटे बाजूला लागला तर फारसे बिघडत नाही, पण वीस यार्डांवर उभ्या असलेल्या हरणाच्या बाबतीत तेवढ्याच फरकाने फुप्फुसांऐवजी पोटात बाण लागू शकतो आणि जनावर तासन्‌तास तडफडत दूर निघून जाते. शिकार करायची तर ती झटपट आणि कमीत कमी वेदना देऊन झाली पाहिजे, या मताचा मी आहे. म्हणूनच वीस-तीस डॉलरच्या या वस्तूवर इतके सविस्तर लिहावेसे वाटले.

थंडीसाठी आर्मगार्ड निवडताना त्याची पट्टी बाहीला मनगटापासून कोपराच्या जवळपर्यंत सपाट दाबून ठेवते का, हे आधी पाहावे. मी वापरलेला पहिला प्रकार ताणून हातावर चढवायच्या इलॅस्टिकच्या बाहीचा होता. सप्टेंबरात त्याच्याइतके सुटसुटीत दुसरे काही नाही, पण डाऊनच्या जॅकेटवर तो चढतच नाही आणि ओढून चढवलाच तर जॅकेटची बाही कोपराकडे गोळा होते. दुसरा प्रकार पारंपरिक, चामड्याचा, वादीने ओवून बांधायचा. तो दिसायला देखणा आणि अगदी निःशब्द असतो. रिकर्व्ह किंवा लाँगबो ही पारंपरिक धाटणीची धनुष्ये वापरणाऱ्या अनेकांचा तो आवडता आहे आणि ती आवड मला समजते, पण गारठलेल्या बोटांनी, तेही एका हाताने, वादी पुन्हा ओवणे जवळजवळ अशक्य असते.

तिसरा प्रकार मला सर्वांत उपयोगी वाटला. त्यात जाड नायलॉनच्या कापडात प्लॅस्टिकच्या लवचिक पट्ट्या शिवलेल्या असतात आणि मागील बाजूस इलॅस्टिकची दोरी तीन ठिकाणी आकड्यांतून फिरवून एका सरकत्या खटक्याने आवळता येते. तीन ठिकाणी आवळण्याला महत्त्व आहे, कारण दोनच पट्टे असले की जाड बाही त्या दोहोंच्या मधोमध वर फुगते आणि धनुष्याच्या दोरीची वाट नेमकी तिथूनच जाते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर धनुष्याच्या दोरीच्या मधल्या भागावर निळा खडू चांगला घासावा, पूर्ण कपडे घालून लक्ष्यावर बाण सोडावा आणि मग बाही उजेडात धरून पाहावी. दोन पट्ट्यांच्या आर्मगार्डसह मी हे केले तेव्हा जॅकेटवर कोपराच्या थोडे खाली, दोन बोटे लांबीची निळी रेघ स्पष्ट उमटली होती, आणि बाण सोडताना हाताला मात्र काहीही जाणवले नव्हते. तीन ठिकाणी आवळलेल्या आर्मगार्डने ती रेघ नाहीशी झाली. ही चाचणी बाण लावूनच करावी. रिकामी दोरी सोडल्यास धनुष्य फुटू शकते आणि इजाही होऊ शकते.

जुळवून घेता येणारा आर्मगार्ड म्हणजे लहान-मोठ्या हातांना बसणारा, एवढाच अर्थ पुष्कळ विक्रेते घेतात. शिकारीत मात्र एकाच हाताचा घेर एकाच सकाळी बदलतो. जंगलातून चालत जाताना घाम येऊ नये म्हणून जॅकेट पिशवीत ठेवलेले असते. मचाणावर चढून, हार्नेसचा (पडू नये म्हणून अंगाला बांधलेल्या पट्ट्यांचा) दोर झाडाला अडकवून आणि धनुष्य दोरीने वर ओढून घेतल्यावर अंगात थंडी शिरू लागते, तेव्हा कुठे ते जॅकेट चढवले जाते. माझ्या हाताचा कोपराखालचा घेर नुसत्या सदऱ्यावर अकरा इंच आणि तिन्ही थरांवर साडेचौदा इंच भरतो. म्हणजे साडेतीन इंचांचा फरक जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर बसून, हातमोजा घातलेल्या आणि मनगटाला रिलीज (धनुष्याची दोरी ओढून सोडण्याचे छोटे साधन) बांधलेल्या उजव्या हाताने जुळवायचा असतो. खटका मोठा आहे का, दोरी स्वतःकडे ओढली की आवळली जाते की दुसऱ्या हाताने धरावी लागते, हे दुकानातच हातमोजा घालून पाहावे. माझ्याकडील आर्मगार्डचा मधला आकडा जाड हातमोज्याने पकडण्यास फार लहान आहे, आणि ही त्याची खरी उणीव आहे. त्यात मी बुटाच्या नाडीचा एक छोटा फास अडकवून ठेवला आहे.

वेल्क्रोबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. त्याने घेर हवा तेवढा बदलता येतो आणि किंमतही कमी पडते, परंतु शांत जंगलात वेल्क्रो उचकटण्याचा आवाज दूरवर जातो. शिवाय फ्लीसचे तंतू आणि भुरभुरीत बर्फ त्यात अडकून हंगामाच्या उत्तरार्धात त्याची पकड ढिली होते. घरून निघताना एकदाच बांधून दिवसभर न सोडणाऱ्यांना तो चालू शकेल.

आवळण्यालाही मर्यादा आहे. डाऊनची ऊब त्यात कोंडलेल्या हवेत असते. आर्मगार्डची दोरी करकचून आवळली की तेवढा भाग चेपून थंड पडतो आणि रक्तप्रवाह अडल्याने बोटे बधिर होतात. बधिर बोटे नकळत धनुष्याची मूठ घट्ट आवळतात, धनुष्य वळते आणि दोरी पुन्हा हाताकडेच येते. पट्टी जागची हलू नये, पण दोरीखाली एक बोट सहज सरकावे, इतकाच ताण पुरे. उरलेले टोक हाताच्या बाहेरच्या बाजूला खोचून ठेवावे. ते आत लोंबत राहिले तर धनुष्याच्या दोरीतच अडकू शकते.

अर्थात कोपर खाली वळलेले असेल किंवा धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी जितकी मागे ओढली जाते ते अंतर, आपल्या हाताच्या मानाने लांब असेल तर कोणताही आर्मगार्ड पुरा पडणार नाही. ओढ दुकानातून तपासून घ्यावी, आणि तीही थंडीच्या कपड्यांत.

लांबीचा निर्णय जॅकेट पाहून करावा. साताठ इंचांचा आखूड आर्मगार्ड पातळ कपड्यांवर भागवतो, तर कोपराच्या वर जाणारा लांब आर्मगार्ड दंडावरची ढगळ बाहीसुद्धा आवरतो, मात्र दुर्बीण डोळ्यांना लावताना तो टोचतो. डाऊनच्या जॅकेटसाठी मी लांबच घेईन. बंदुकीच्या हंगामात विस्कॉन्सिनमध्ये धनुर्धाऱ्यांनाही कमरेवरच्या बाह्य कपड्यांचा निम्मा भाग चमकदार नारिंगी किंवा गुलाबी ठेवावा लागतो. त्यासाठी बिनबाह्यांची बंडी घेतली तर हातावर आणखी एक थर चढत नाही आणि आर्मगार्ड आहे तसाच वापरता येतो. नीट, ॲलन आणि बोनिंग या कंपन्यांचे आर्मगार्ड इकडच्या बहुतेक दुकानांत ठेवलेले असतात. खरेदीला जाताना जॅकेट, फ्लीस आणि हातमोजे सोबत न्यावेत आणि वेष्टनावरील मापापेक्षा कपड्यांवरून घेतलेल्या टेपच्या मापावर विसंबावे.