कयाकच्या टोकाला लाटणं: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या पडवीत मी ४ मिमी मरीन प्लायची (पाण्यात टिकणारं प्लायवूड) १७ फुटी समुद्री कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद बोट, बांधली, तेव्हा दोन्ही टोकांना नुसते दोरीचे फास बांधले होते. दिसायला झोकदार. दिवाळीनंतर दीवला, नागोव्याच्या लाटांत उलटलो. पुढचा फास पकडला आणि मागून आलेल्या लाटेने बोट गरकन फिरवली. फासाला पीळ बसला, दोन बोटं आत. कॉकपिटात, म्हणजे बसायच्या पोकळीत, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ते सगळं त्या दोन बोटांवर! नखावर भागलं. डिसेंबरात फास कापले आणि मुठी बसवल्या.

मूठ म्हणजे दोरीला अडकवलेली आडवी दांडी. बोट गोल फिरली तर पीळ दोरीला बसतो, बोटांना नाही, आणि पंजा उघडला की तुम्ही मोकळे. आईचं जुनं शिसवी लाटणं कापून ११ सेमीचे दोन तुकडे केले, मधोमध भोक पाडलं. दोरीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं बसतात. (नवं लाटणं आईने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून वसूल केलं.)

पण दांडी लावली तरी तिच्यामागे दोरीचे दोन पदर उरतातच, म्हणजे पुन्हा फासच की! गवंडी वापरतात त्या लेव्हल पाइपचा तुकडा घेतला, दोन्ही पदर त्यातून ओवले. आता मधे बोट शिरत नाही. दांडी आणि बोटीच्या मधे बोटं चेमटणार नाहीत इतकी मोकळीक ठेवली. त्याहून लांब दोरी ठेवली तर दांडी डेकवर धपाधप आपटते.

दोरी ओवायला बोटीच्या टोकात जे भोक पाडायचं, त्याचं काम घाईने करू नका. टोकात इपॉक्सी (दोन द्रव कालवून घट्ट होणारा डिंक) आणि लाकडाचा भुसा ओतून बोट बांधतानाच भरीव गट्टू केला होता. बडोद्याच्या मे महिन्यात मी मगभर इपॉक्सी एकदम कालवलं, तर तो मगच धुमसायला लागला आणि वितळून वाकडा झाला. थोडं थोडं, तेही रात्री ओतायचं. मग १२ मिमीचं भोक, ते इपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यात ८ मिमीचं. प्लायच्या कडेला पाणी लागत नाही. भोकाच्या कडा घासून गोल करा. मी आळस केला, जानेवारीत दोरी तिथेच कातरली.

दोरी ६ मिमी पॉलिएस्टर. नायलॉन ओलं झालं की ताणतं, आणि बाजारातल्या निळ्या प्लास्टिकच्या दोरीचा उन्हात भुगा होतो.

सराव मामांच्या शेततळ्यात. विश्वामित्री नदीत मगरी, आजवा तलावातही त्याच, आणि खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर, तिथे कोण जाणार? दीवला मात्र मार्चपर्यंत दोनदा जाऊन आलो. एकदा मुद्दाम उलटलो, मूठ धरून बोटीसकट किनाऱ्यापर्यंत आलो. बोटं दहाच्या दहा.

तक्रारी दोन. गाडीच्या टपावर बोट बांधायला याच मुठी वापरल्या, त्यामुळे गाठी जाम झाल्या. आता त्यासाठी वेगळी दोरी आहे. आणि पुढचं लाटणं मार्चमधे भोकापाशी लाकडाच्या रेषेत चिरलं. मकरपुऱ्यात एका लेथवर नायलॉन रॉडचा तुकडा कातून घेतला. बुळबुळीत होता, वर सायकलची जुनी ट्यूब चढवली. मागचं लाटणं अजून शाबूत आहे.